पावडरीला न मरणाऱ्या

माझ्या नवऱ्याला उवा आवडायच्या. थट्टा नाही करत. कुणाला मांजर आवडतं, कुणाला दशावतार आवडतो, तशा ह्या माणसाला उवा आवडायच्या. मुंबईच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात उवांचा अभ्यास करायचा. त्याचं नाव रविकांत. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायची, नावही घेत नसे. आता घेते आणि एकेरीच घेते. ज्यांना हे खटकेल त्यांनी पुढचं वाचू नये, कारण पुढे याहून खटकणारं आहे.

मी बांद्याची, प्रेमलता. लग्न होऊन देवगडला आले आणि तिथेच राहिले, कारण मुंबईत रविकांत दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा. घरात सासरे होते, ज्यांना सगळा गाव भाई म्हणायचा. सासूबाई पार्वती, आणि धाकटी नणंद सुगंधा. भाईंची हापूसची कलमं होती. मे महिन्यात ते आंब्याच्या पेट्यांमागोमाग मुंबईला जात आणि पाऊस तोंडाशी आला की परतत. ही गोष्ट बासष्ट सालच्या मे महिन्यातली. त्यामुळे घरात आम्ही तिघी बायका होतो आणि सुट्टीला आलेला रविकांत.

सुगंधा अठराची. सातवी पास, जिभेची तिखट, आणि केस असे की न्हाऊन अंगणात वाळवायला बसली तर येणारे-जाणारे पायवाटेवर रेंगाळायचे. त्या केसांचा सासूबाईंना भारी अभिमान होता आणि त्या केसांत उवाही भारी होत्या.

उवा तशा सगळ्यांनाच होत्या. पण आमच्या घरच्या उवांची कथा वेगळी होती. त्रेपन्न-चोपन्न सालापासून मलेरियाचे फवारणीवाले दरवर्षी गावात यायचे आणि घराघराच्या भिंतींवर डीडीटी मारायचे. भाई गावातले मोठे, तेव्हा फवारणीवाल्यांचा मुक्काम आमच्या पडवीत. जाताना ते उरलीसुरली पावडर सासूबाईंना देऊन जात. पहिल्या वर्षी सासूबाईंनी ती सुगंधाच्या डोक्यात चोळली आणि वरून फडकं बांधलं. संध्याकाळी फडकं सोडलं तर त्यावर मेलेल्या उवांचा सडा पडलेला. सासूबाईंचा रामेश्वरावर होता तेवढाच विश्वास त्या दिवसापासून पावडरीवर बसला. मग दर महिन्याला पावडर. पुढे पुढे पावडर जास्त लागायला लागली आणि उवा कमी मरायला लागल्या. मी सून म्हणून आले तोवर सुगंधाच्या डोक्यातल्या उवा पावडरीत लोळायच्या. फवारणीवाले आता भेसळ करतात, असं सासूबाईंचं ठाम मत होतं.

हे सगळं त्या वर्षी रविकांतच्या कानावर गेलं आणि त्याचा चेहरा उजळला. माझ्याकडे बघून तो कधी तसा उजळला नव्हता.

"पावडर तीच आहे आई, उवा त्या नाहीत," तो म्हणाला. शास्त्र सांगायला लागला की त्याचं मालवणी सुटायचं आणि तो वर्गात उभा असल्यासारखा बोलायचा. "पावडरीने त्यांना काही शिकवलं नाही. पहिल्या वर्षी हिच्या डोक्यात शेकडो उवा असतील. त्यांतल्या दोन-चार अशा, की ज्यांच्या अंगात जन्मापासूनच ही पावडर सोसायची ताकद होती. बाकीच्या मेल्या, ह्या राहिल्या. ह्यांना पोरं झाली आणि आईबापांचा गुण पोरांत उतरला. तू पुन्हा पावडर टाकलीस, पुन्हा दुबळ्या मेल्या. म्हणजे तूच दर महिन्याला गाळून गाळून घट्ट तेवढ्या ठेवल्यास. आता हिच्या डोक्यात आहे ते त्या दोन-चार जणींचं खानदान."

"आयकलंस गो वयनी?" सुगंधा मला म्हणाली. "माझ्या डोक्यात खानदानी आसत. तुझ्या डोक्यात सगळी गावठी."

तिला भावाचं कौतुक होतं. रविकांतलाही त्या दिवसांत बहिणीचा लळा लागला, हे मी कबूल करते. बंदरावरच्या बायकांनी परक्या पुरुषाला केसांना हात लावू देणं शक्य नव्हतं. म्हणून तो सुगंधाला बरोबर न्यायचा. ती कोळणींच्या दारात बसून गप्पा मारत त्यांच्या पोरींची डोकी विंचरायची, आणि फणीला आलेल्या उवा तो काचेच्या नळीत भरायचा. घरी आल्यावर डीडीटी लावलेल्या कागदांवर त्या सोडून बघत बसायचा. सासूबाई नेहमी म्हणायच्या की आमच्याकडे उवा येतात त्या बंदरावरून येतात. निघालं भलतंच. कोळी लोक वाळत घातलेल्या मासळीला वास लागतो म्हणून फवारणीवाल्यांना दारात उभं करत नसत, आणि त्यांच्या उवा त्या कागदावर पटापट मरत. आमच्या घरच्या मात्र दुसऱ्या दिवशीही चालत होत्या. सासूबाईंना हे अजिबात रुचलं नाही. दोन दिवस त्या मुलाशी धड बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पडवीत बसून तो आम्हाला सांगायचा, की माणसाची ऊ फक्त माणसावरच जगते. माकडाची वेगळी, कोंबडीची वेगळी, रेड्याची वेगळी. माणूस माणूस व्हायच्या आधीपासून ती त्याच्याबरोबर आहे, त्याच्याबरोबर बदलत आली आहे. डोक्यावरून खाली पडली तर दिवस-दोन दिवसांत मरते. तिला आपल्याशिवाय दुसरं जग नाही. हे शेवटचं वाक्य तो इतक्या मायेने म्हणायचा की मला उठून जावंसं वाटे.

मग त्याला पुढची पिढी हवी झाली. पावडर सोसणाऱ्यांची पोरं पावडर सोसतात का, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी उवांना डोक्यावरच वाढू द्यायला हवं होतं. आधी त्याने मला विचारलं. सुगंधाच्या डोक्यातल्या थोड्या तुझ्या डोक्यात सोडतो, म्हणाला, तुझ्या बांद्याच्या उवांशी त्यांचा संकर होऊ दे. मी म्हटलं, माझं डोकं मी वडलांच्या घरून आणलंय, ते तुमच्या कॉलेजचं नाही. तो हसला आणि सुगंधाकडे गेला. सुगंधा हो म्हणाली.

त्याचं काम संपेपर्यंत तेल नाही, फणी नाही, पावडर नाही, असं ठरलं. सासूबाई कुरकुरल्या, आणि त्यांचं कुरकुरणं रास्त होतं. आचऱ्याहून सुगंधाला स्थळ आलं होतं. मुलगा मुंबईला गोदीत नोकरीला, माणसं चांगली. महिनाअखेर ती माणसं मुलगी बघायला येणार होती. मुलाची आत्या हौसाबाई साऱ्या किनाऱ्यावर प्रसिद्ध होती. मुलगी बघायला गेली की ती स्वतः मुलीचा अंबाडा सोडायची, कनवटीची फणी काढायची आणि सगळ्यांसमोर मुलीचं डोकं विंचरायची. तोंडाला पावडर लावून कोणीही उजळ दिसतं, पण घरातल्या बाईचा हात कसा आहे ते पोरीच्या डोक्यात कळतं, असं तिचं म्हणणं. फणीला ऊ आली म्हणून ती दोन ठिकाणी पोहे न खाता उठून आल्याचं सगळ्यांना माहीत होतं. त्यातल्या एका पोरीचं लग्न पुढे जमलंच नाही.

"त्याच्या आधी माझं काम संपेल," रविकांत म्हणाला. "मग आठवडाभर रोज विंचरा. फणीपुढे कुठलंही खानदान टिकत नाही."

सुगंधाला हे लग्न हवं होतं. मुलगा तिने आचऱ्याच्या रामनवमीला बघितला होता. विहिरीवर पाणी शेंदताना तिने मला हे सांगितलं आणि वर बजावलं, "कोणाक सांगशीत तर बघ." तो देवळात लोकांची पानं वाढत होता आणि म्हाताऱ्या माणसांना वाकून विचारत होता, एवढंच तिने पाहिलं होतं. तेवढ्यावर ती खूश होती.

पंधरा-वीस दिवसांत पोरीची दशा झाली. मानेवर आणि कानांमागे ओरबाडून ओरबाडून फोड आले, ते फुटले, त्यावर खपल्या धरल्या. गळ्यात गाठी आल्या. जेवताना तिचा डावा हात सतत डोक्यात असायचा. रविकांत सकाळी चिमट्याने हव्या तेवढ्या उवा उचलायचा, फोड बघून चुकचुकायचा आणि म्हणायचा, "झालं, आता थोडेच दिवस." मी एकदा सरळ म्हटलं, "अहो, ती तुमची बहीण आहे. तुमचं कुरण नाही." ह्यावर सुगंधाच मला म्हणाली, "ऱ्हवदे गो वयनी. दादाचा काम होवंदे." तिला वाटत होतं, तिच्या हातून काहीतरी मोठं घडतंय. तसं तिला यापूर्वी कोणी वाटू दिलं नव्हतं.

आणि मग गंगाराम निरोप घेऊन आला. हा आमच्या कलमांचा राखणदार, कामासाठी आचऱ्याला गेला होता. मुलाची रजा कमी झाली, त्याला लवकर मुंबईला जायचंय, म्हणून पावणे परवाच सकाळी येतील.

सासूबाईंनी सुगंधाचे केस मोकळे करून उजेडात बघितले. मीही बघितलं. मुळापासून वीतभर नुसत्या लिखा, जणू केसांवर कोणी रवा भुरभुरला होता. त्यांनी फणी लावली तर खपल्या निघून रक्त आलं आणि पोर कळवळली.

"काय करूचा आता?" त्या मुलाला म्हणाल्या. "पावडरीन मरनत नाय. रॉकेल लावलंय तर चार दिवस घमघमतला. सीताफळाच्यो बियो वाटून लावल्यार डोळे लाल होतत. तूच सांग, काय करूचा ता."

रविकांत नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता. वर न बघता तो म्हणाला, "आई, आजवर तू जे जे डोक्यात घातलंस त्यातून तरल्या त्याच ह्या. ह्यांना मारायचं तर असं काही हवं, जे ह्यांच्या खानदानात कोणी कधी चाखलेलं नाही." एवढं बोलून तो पुन्हा चिठ्ठ्या चिकटवू लागला. आईला तो काही कर म्हणून सांगत नव्हता. त्याच्या मनात चाललेला विचार तो तोंडाने पुरा करत होता, ती त्याची सवयच होती. समोर कोण बसलंय आणि ते त्यातून काय उचलेल, हे त्याने आयुष्यात कधी बघितलं नाही. मी समोरच तांदूळ निवडत होते. मी ते शब्द ऐकले आणि मलाही त्यात काही भयंकर वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नळ्या घेऊन बंदरावर गेला. सुगंधाला बरोबर नेलं नाही, उद्या तिला बघायला येणार म्हणून. मी कपड्यांचं गाठोडं घेऊन खालच्या विहिरीवर गेले.

सासूबाई कलमांतल्या मांगरात गेल्या. मांगर म्हणजे आमची अवजारं, खतं, रिकाम्या पेट्या ठेवायची खोपटी. तिथे आंब्याच्या मोहोरावर मारायचं औषध होतं. मोहोराला तुडतुडे लागतात, त्यांच्यासाठी दोन वर्षांपासून भाईंनी हे नवं औषध आणायला सुरुवात केली होती. डब्यावर कवटीचं चित्र. फवारताना गंगाराम नाकातोंडाला फडकं बांधायचा आणि घरी जाण्याआधी विहिरीवर अंग धुवायचा.

सासूबाई अडाणी होत्या, मूर्ख नव्हत्या. ते विष आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण जहाल औषध मवाळ कसं करायचं तेही त्यांना ठाऊक होतं. आमच्या भागात बिबा अंगावर उततो, कातडी जाळतो, पण तोच तुपातून किंवा खोबऱ्यातून दिला की औषध होतो. सासूबाई गावभर औषधं द्यायच्या, आणि त्यांची रीत एकच. जे जहाल असेल ते तेलातुपात उतरवायचं, म्हणजे त्याची धार जाते. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि माणसं बरी झाली होती. पुढे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की हे विष पाण्यापेक्षा तेलातूनच कातडीत लवकर जिरतं. त्यांच्या बिब्याला असलं काही माहीत नव्हतं.

त्यांनी वाटीभर खोबरेल कोमट केलं. त्यात डब्याच्या झाकणाने औषध घातलं. आधी स्वतःच्या मनगटावर थेंब लावून थांबल्या. आग नाही, पुरळ नाही. मग मुलीला पुढ्यात घेऊन, फोडांवरून, खपल्यांवरून, मुळांमुळांशी ते तेल जिरवलं, आणि वरून फडकं घट्ट बांधून तिला मागच्या दारी उन्हात बसवलं.

मी धुणं घेऊन परतले तेव्हा मागच्या दारी लसणीसारखा वास येत होता. त्या दिवशी लसूण सोलली नव्हती. सुगंधा भिंतीला टेकून बसली होती आणि घामाने भिजली होती. ऊन होतं, म्हणून मला आधी तसंच वाटलं. मग तिच्या तोंडातून लाळ गळताना दिसली.

"वयनी," ती म्हणाली, "माका दिसना नाय गो. सगळा अंधारलासा दिसता."

मी तिची हनुवटी वर केली. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. ओठांच्या कडा आपोआप थरथरत होत्या. मी ओरडून सासूबाईंना विचारलं की हिच्या डोक्याला काय लावलं. त्यांनी सांगितलं. सांगताना त्या घाबरलेल्या नव्हत्या. "तेलात घातलंय गो. काय एक होवचा नाय," म्हणाल्या.

मी फडकं ओढून काढलं. साबण लावून घागरी ओतल्या. धुता धुता सुगंधा ओकली, आणि तिचे हातपाय झटके द्यायला लागले. गंगारामला डॉक्टरांकडे पिटाळलं. त्याच्याकडे डबा देऊन पाठवायचं मला सुचलं, तेवढंच माझ्या हातून नीट झालं. डॉक्टर आले, सायकल अंगणात तशीच टाकून आत धावले. त्यांच्याजवळ उतारा होता, पण थोडा होता. सुई दिली की बाहुली जराशी मोठी व्हायची, श्वास सुटा व्हायचा, आणि पुन्हा घशात घरघर लागायची. त्यांनी कणकवलीला माणूस धाडला. त्यांच्या सुया संपल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

मधे एकदा ती शुद्धीवर होती. माझा हात धरून तिने विचारलं, "मेल्यो काय गो उवो?"

"मेल्या," मी म्हटलं.

"बरा झाला," ती म्हणाली.

रविकांत आला तेव्हा तिला शेवटची घरघर लागली होती. तिन्हीसांजेला ती गेली. कणकवलीचा माणूस त्यानंतर परतला.

डॉक्टरांनी बाहेर पडवीत विचारलं की हे करायला कोणी सांगितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. "रवीन सांगल्यान," त्या म्हणाल्या. "तेंच्या खानदानात कोणी चाखूक नाय, असा होया म्हणान."

रविकांत पांढराफटक पडला. "मी? मी कधी सांगितलं? आई, मी असं काही सांगितलं नाही."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्यालाच काहीतरी चुकीचं ऐकू आलं असेल, असं त्यांना खरोखर वाटलं, कारण मुलगा शिकलेला होता. "तर मगे मीयाच," त्या हळूच म्हणाल्या. "मीयाच माझ्या चेडवाचो जीव घेतलंय."

"तुम्ही बोललात," मी म्हटलं. नवऱ्याला चारचौघांत उलट बोलायची माझी ती पहिली वेळ. "मी तांदूळ निवडत होते. आईंना काही चुकीचं ऐकू आलेलं नाही."

डॉक्टर खाली बघत आपली बॅग आवरू लागले. पोलीसपाटील आला, पोरीचा चुकून जीव गेला असं डॉक्टरांकडून लिहून घेऊन गेला. भाईंना मुंबईला तार केली. ते पोहोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. रात्रीचं न्यायचं नाही म्हणून सकाळचं ठरलं.

आचऱ्याला निरोप धाडायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

सकाळी आम्ही बायकांनी सुगंधाला न्हाऊ घातलं, भाईंनी तिच्यासाठी आणून ठेवलेलं हिरवं लुगडं नेसवलं आणि माजघरात ठेवलं. ओले केस मी सैल गाठ मारून बांधले. सासूबाई उशाशी बसून होत्या. रात्रीपासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शेजारणी मला खुणावत होत्या की हिला रडव, नाहीतर हिचं काही खरं नाही.

रविकांत माजघराच्या दारात आला. त्याच्या हातात काचेची नळी होती. "प्रेमा," तो हळू आवाजात म्हणाला, "केस विंचरलेस तर फणी झटकू नकोस. एखादी जिवंत आहे का, तेवढंच मला..." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही सांगायला हवं, नाहीतर मी लबाड ठरेन. तो रडत होता आणि त्याला जाणूनही घ्यायचं होतं. दोन्ही खरं होतं. मला त्याची किळस आली.

"भायर जावा," मी म्हटलं. तो गेला.

तेवढ्यात अंगणात बैलगाडी थांबली. पहाटेच्या तरीने खाडी उतरून आचऱ्याची माणसं आली होती. पुरुष तिरडीचे बांबू बघून कलमाखाली थिजून उभे राहिले. त्यांच्यात एक सावळा, उंच पोरगा होता, पेढ्यांचा पुडा कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. हौसाबाई एकटीच आत आली. जाडजूड, कपाळावर मोठं कुंकू, बघायला निघालेल्या बाईचा थाट. उंबऱ्यावर तिने सुगंधाला पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"पार्वतीबाय, ह्या काय झाला?"

सासूबाई उठल्या. त्यांनी तिचा हात धरून तिला आत आणलं आणि सुगंधाच्या उशाशी बसवलं, पाट मांडून बसवावं तसं.

"इलात," त्या म्हणाल्या. "बघा आता."

"काय बघू?"

"केस सोडा तिचे. तुमी बघतास मा, तशा बघा."

एक शेजारीण सासूबाईंना धरायला पुढे झाली, त्यांनी तिचा हात झिडकारला. हौसाबाईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

हौसाबाईने कनवटीची फणी काढली. सुगंधाचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं, गाठ सोडली आणि केस आपल्या लुगड्यावर पसरले. मग विंचरायला लागली. मानेकडून वर, कानांमागून, भांगाच्या दोन्ही बाजूंनी. खपल्यांपाशी आली की तिचा हात हलका व्हायचा. सासूबाई वाकून फणीकडे बघत होत्या आणि त्यांना रात्रभरच्या जागरणाने काही दिसत नव्हतं. मी जवळ होते, मला दिसलं. फणीच्या दातांत मेलेल्या उवा खच्चून भरल्या होत्या, केसाकेसाला लिखा तशाच चिकटलेल्या होत्या. हौसाबाई प्रत्येक वेळी फणी आपल्या पदराच्या आतल्या बाजूला पुसायची, पदर दुमडायची, आणि पुन्हा विंचरायची.

बराच वेळ विंचरल्यावर तिने फणी मुठीत मिटली.

"एकय नाय," ती म्हणाली. "साफ आसा. हातान सांभाळलेला डोक्या आसा ह्या." मग तिने स्वतःच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन सुगंधाला लावलं. "चेडू आमका पसंत आसा, पार्वतीबाय."

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा मोडला आणि त्या सुगंधाच्या पायांवर पडल्या.

"मगे न्हेवा तिका," त्या म्हणाल्या. "न्हेवा आता."